मुलांच्या बेसबॉलचा इतिहास : हेल्मेट, वयोगट आणि वाढती हाडं

ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांच्या मोबाइलवर एक फोटो हमखास असतो. दोन्ही कान झाकणारं मोठं हेल्मेट, हातात धातूची बॅट, अंगात एखाद्या दुकानाचं नाव छापलेला शर्ट, आणि त्या सगळ्यात हरवून गेलेला, पुढचे दोन दात पडलेला नातू. आजी-आजोबांना प्रश्न पडतात. एवढ्याशा पोराला इतका जामानिमा कशासाठी? दोन वर्षांनी मोठ्या भावाच्या संघात याला का घेत नाहीत? हात चांगला चालत असताना "आज तुझे चेंडू संपले" म्हणून याला का थांबवतात?

नियमांच्या पुस्तकात हे सगळं एका ओळीत लिहिलेलं असतं, पण कारण लिहिलेलं नसतं. कारणं शोधायला गेलं की आपण वैद्यकाच्या इतिहासात पोहोचतो. यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणाच्या तरी दुखापतीनंतर आणि कुणीतरी मुलांचं शरीर नीट मोजून पाहिल्यानंतर आला आहे. महाराष्ट्रातही शालेय क्रीडास्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात, आणि क्रिकेट कोचिंगला जाणारी मुलं तर घरोघरी आहेत. म्हणून हा इतिहास आपल्याही उपयोगाचा आहे.

खेळ थोडक्यात

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या गोलंदाजासारखा इथे पिचर असतो. तो जागेवर उभा राहून, टप्पा न पाडता, थेट चेंडू फेकतो. समोर बॅटर असतो आणि त्याच्या मागे यष्टिरक्षकासारखा कॅचर बसलेला असतो. चेंडू मारल्यावर बॅटर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरच्या 'बेस'ना स्पर्श करत धावतो. चेंडूचं वजन साधारण १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडं कमी. मोठ्यांच्या खेळात पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर ६० फूट ६ इंच, आणि एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर ९० फूट.

आता हेच मैदान दहा वर्षांच्या मुलाला दिलं तर काय होईल? त्याची फेक बॅटरपर्यंत धड पोहोचणार नाही, आणि बेसपर्यंत धावता धावता तो दमून जाईल. या साध्या अडचणीतून मुलांच्या संघटित बेसबॉलचा जन्म झाला.

१९३९ : मैदान मुलाच्या मापाचं केलं

पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा नोकरदार माणूस राहत होता. तो आपल्या पुतण्या-भाच्यांबरोबर चेंडू खेळायचा. मोठी माणसं खेळतात तसा, गणवेश आणि पंच असलेला खेळ मुलांना मिळावा, असं त्याच्या मनात आलं. १९३८ च्या उन्हाळ्यात त्याने गल्लीतली मुलं जमवली आणि बेसमधलं अंतर कमी-जास्त करत त्यांना खेळवून पाहिलं. मुलाने जोर लावून धावावं, क्षेत्ररक्षकानेही जोर लावून फेकावं, आणि दोघांपैकी कुणालाही यश मिळण्याची सारखीच शक्यता असावी, असं अंतर त्याला हवं होतं. ते त्याला ६० फुटांवर सापडलं. मोठ्यांच्या मैदानाच्या बरोबर दोन तृतीयांश.

मग पैसे देणारे दुकानदार शोधण्यात बरेच दिवस गेले. ६ जून १९३९ रोजी 'लिटल लीग'चा पहिला सामना झाला. लंडी लंबर या लाकूडवाल्यांच्या संघाने लायकोमिंग डेअरीच्या संघाला २३-८ असं हरवलं. नातवाच्या शर्टावर दुकानाचं नाव का असतं, याचं उत्तर तिथे आहे. पुढे पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर या वयोगटासाठी ४६ फूट ठरलं, आणि सामना ९ ऐवजी ६ डावांचा राहिला.

स्टॉट्झ डॉक्टर नव्हता. पण त्याने केलेली गोष्ट आम्ही बालरुग्णांच्या औषधांबाबत रोज करतो. मोठ्यांचा डोस मुलाला देत नाहीत, मुलाच्या वजनाप्रमाणे डोस ठरवतात. त्याने मैदानाचा डोस ठरवला.

डोकं : मोठ्यांच्या आधी मुलांना हेल्मेट

१६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर क्लीव्हलंड संघाच्या रे चॅपमन या खेळाडूच्या डोक्यावर पिचर कार्ल मेझचा चेंडू लागला. कवटीला फ्रॅक्चर झालं. रात्री शस्त्रक्रिया केली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला. सामन्यात पिचरचा चेंडू लागून प्राण गमावलेला मेजर लीगमधला तो एकमेव खेळाडू आहे.

एवढं झाल्यावर दुसऱ्याच वर्षी हेल्मेट आलं असेल, असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. मळलेला चेंडू नीट दिसत नाही म्हणून तो वरचेवर बदलण्याची पद्धत पडली, पण डोक्यावर कापडी टोपीच राहिली. मेजर लीगमध्ये हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७१ साल उजाडलं, आणि तेव्हाही जुन्या खेळाडूंना सूट होती. मर्दानी खेळाडूने डोकं झाकायचं म्हणजे भित्रेपणा, ही समजूत पन्नास वर्षं टिकली. स्कूटर चालवणाऱ्या आपल्या मंडळींना ती ओळखीची वाटेल.

मुलांच्या बाबतीत मात्र गाडी लवकर पुढे सरकली. १९५० च्या दशकात क्रेटन हेल नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लिटल लीगमध्ये संशोधनासाठी आले. आधी ते स्प्रिंगफिल्ड कॉलेजात शिकवत होते. चेंडूचा वेग, मुलाला तो दिसून प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ आणि दुखापती कुठे होतात, हे त्यांनी मोजायला सुरुवात केली.

हा हिशोब तुम्हीही करू शकता. बारा वर्षांच्या एखाद्या दणकट मुलाने ताशी ११३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला तर ४६ फूट अंतर कापायला त्याला साधारण ०.४५ सेकंद लागतात. मोठ्यांच्या ६० फूट ६ इंच अंतरावर एवढ्याच वेळात चेंडू पोहोचायचा असेल, तर तो ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाने टाकावा लागेल. म्हणजे वेग कमी असला तरी मुलाला मिळणारा वेळ व्यावसायिक खेळाडूइतकाच तुटपुंजा. शिवाय डोळ्याने चेंडू टिपून शरीर वळवण्याचा मुलाचा वेग मोठ्यांपेक्षा कमी असतो. मैदान लहान केल्याने खेळ सोपा झाला, पण अंगावर येणाऱ्या चेंडूपासून वाचायला मिळणारा वेळ त्याबरोबर वाढला नाही.

कानशिलाजवळचं हाड कवटीत सर्वांत पातळ असतं, आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची मोठी रक्तवाहिनी जाते. ती फाटली तर कवटीच्या आत रक्त साचून काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून फक्त माथा झाकून भागत नाही. १९६० च्या सुमारास हेल यांनी दोन्ही कानांवरून खाली येणारं हेल्मेट तयार केलं आणि लिटल लीगने ते स्वीकारलं. मेजर लीगमध्ये कान झाकणारं हेल्मेट नव्या खेळाडूंना सक्तीचं झालं १९८३ मध्ये. दरम्यान १९६७ साली बॉस्टनच्या टोनी कोनिग्लियारो या तरुण खेळाडूच्या गालावर चेंडू बसून त्याचा डोळा कायमचा अधू झाला. त्याच्या हेल्मेटला कानाची झडप नव्हती. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं शाळकरी मुलांचं डोकं लाखो डॉलर मिळवणाऱ्या व्यावसायिकांपेक्षा जास्त सुरक्षित होतं.

त्याच काळात आणखी दोन नियम आले. पुढच्या बेसकडे डोकं पुढे करून झेप घ्यायला बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बंदी झाली, कारण त्यात मानेवर आघात होतो. आपली पाळी येण्याआधी मैदानात बॅट फिरवत उभं राहण्याची मोठ्यांची पद्धतही मुलांसाठी बंद झाली, कारण फिरणारी बॅट शेजारच्या मुलाच्या तोंडावर बसत होती. बारा वर्षांपर्यंतच्या गटांत हे दोन्ही नियम आजही आहेत.

बेस आणि बॅट : वस्तू बदलली की धोका बदलतो

जुने बेस जमिनीत खुंटी ठोकून घट्ट बसवलेले असत. धावत येऊन घसरलेल्या खेळाडूचा पाय त्यावर आदळला की घोटा मोडायचा. १९८० च्या दशकात मिशिगनमधले डॉ. डेव्हिड जँडा यांनी सॉफ्टबॉलच्या मैदानांवर एक साधी तुलना केली. काही मैदानांवर घट्ट बेस ठेवले, काहींवर जोराचा धक्का लागताच सुटणारे. दोन्हीकडे सहाशेहून अधिक सामने झाले. घट्ट बेसवर घसरून ४५ दुखापती झाल्या, सुटणाऱ्या बेसवर फक्त २. लिटल लीगने सुटणारे बेस २००८ पासून सक्तीचे केले. पुरावा आणि नियम यांच्यात वीस वर्षं गेली.

बॅटची गोष्ट उलटी आहे. लाकडी बॅट मोडते आणि पालकांचा खर्च वाढतो, म्हणून १९७१ पासून लिटल लीगमध्ये ॲल्युमिनियमची बॅट आली. ती आतून पोकळ असते. चेंडू लागला की तिचा पत्रा किंचित दबून परत उसळतो आणि चेंडू जास्त वेगाने सुटतो. मारणारा खूश, पण समोर ४६ फुटांवर पिचर उभा असतो. फेक टाकून झाल्यावर तो आणखी पुढे आलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. काही गंभीर अपघात झाले, खटले झाले. न्यूयॉर्क शहराने २००७ साली हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. शेवटी १ जानेवारी २०१८ पासून मुलांच्या बॅटसाठी नवीन मानक लागू झालं. बॅट कशाचीही असो, चेंडू तिच्यावरून लाकडी बॅटइतकाच उसळला पाहिजे, असा त्याचा अर्थ.

छाती : जिथे पॅड पुरेसं नव्हतं

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या बेसबॉलवर एक अहवाल काढला. १९७३ ते १९९५ या काळात ५ ते १४ वर्षांच्या ८८ मुलांचे बेसबॉलशी संबंधित मृत्यू त्यांना सापडले. त्यांपैकी ६८ मृत्यू चेंडू लागून झाले होते आणि १३ बॅट लागून. चेंडूच्या ६८ मृत्यूंपैकी २१ मध्ये चेंडू डोक्याला लागला होता, तर ३८ मध्ये छातीला. लाखो मुलं खेळत असताना तेवीस वर्षांत ८८ हा आकडा लहान आहे, हे लक्षात घ्यायला हवं. पण सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे असताना जास्त मुलं छातीच्या माराने गेली, हे डॉक्टरांनाही चकित करणारं होतं.

गंमत म्हणजे या मुलांच्या शवविच्छेदनात हृदय निरोगी सापडायचं. बरगडी मोडलेली नसायची, रक्तस्राव नसायचा. या प्रकाराला 'कमोशियो कॉर्डिस' म्हणतात. १९९८ मध्ये डॉ. मार्क लिंक आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या लहान डुकरांवर प्रयोग करून त्याचं गूढ उकललं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याचे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी विजेने पुन्हा 'चार्ज' होतात. ईसीजीवर ही वेळ 'टी' तरंगाच्या रूपात दिसते. त्या तरंगाचं शिखर येण्याआधीच्या १५ ते ३० मिलिसेकंदांत नेमका हृदयावर धक्का बसला, तर ठोक्यांची लय बिघडते. हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलत नाही. प्रयोगात चेंडूचा वेग होता ताशी फक्त ४८ किलोमीटर. एवढा वेग तर गल्लीतल्या पोराच्या हातातही असतो. मुलांमध्ये हे जास्त का होतं? कारण त्यांची छाती लवचीक असते. बरगड्या मोडत नाहीत, दबतात, आणि धक्का थेट हृदयापर्यंत पोहोचतो.

पालकांनी अर्थातच छातीचे पॅड विकत घ्यायला सुरुवात केली. पण पुढच्या प्रयोगांत दिसलं की त्या वेळी बाजारात मिळणारे पॅड हा प्रकार रोखत नव्हते. मऊ चेंडूने मात्र धोका कमी होत होता. म्हणून सर्वांत लहान गटांत मऊ चेंडू वापरण्याची शिफारस झाली. पॅडसाठी वेगळं मानक ठरायला बराच काळ गेला, आणि हायस्कूलच्या कॅचरना त्या मानकाचं पॅड २०२० पासून सक्तीचं झालं.

जीव वाचण्याचं प्रमाण वाढलं ते दुसऱ्या कारणाने. सुरुवातीच्या नोंदींत अशा दहा मुलांपैकी जेमतेम एखादं वाचत असे. मैदानावरच्या माणसांना सीपीआर येऊ लागला आणि विजेचा झटका देणारं छोटं यंत्र, एईडी, शाळांमध्ये आलं, तसं अलीकडच्या नोंदींत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू डमार हॅमलिन छातीवर मार लागून मैदानात कोसळला होता. तो वाचला, कारण छाती दाबायला तिथल्या तिथे सुरुवात झाली.

कोपर : न दिसणारी दुखापत

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. डोक्याला लागलेलं सगळ्यांना दिसतं. कोपराला होणारं दिसत नाही, आणि त्यावर कुठलंही हेल्मेट बनत नाही.

मुलांची हाडं दोन्ही टोकांकडून वाढतात. त्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला 'ग्रोथ प्लेट' म्हणतात. वाढ पूर्ण झाली की तो हाडात मिसळून जातो. तोपर्यंत सांध्यातली ती सर्वांत कच्ची जागा असते. चेंडू जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर प्रचंड ताण येतो. मोठ्या माणसात हा ताण तिथल्या अस्थिबंधावर येतो. मुलात अस्थिबंध ग्रोथ प्लेटपेक्षा चिवट असतो, म्हणून तो टिकतो आणि ग्रोथ प्लेट ओढली जाते. ताण तोच, पण वय बदललं की तुटणारी जागा बदलते. कोपराच्या आतल्या बाजूची ही ग्रोथ प्लेट साधारण १५ ते १७ वर्षांपर्यंत उघडी असते.

१९६० साली ब्रॉग्डन आणि क्रो या दोन डॉक्टरांनी लहान पिचरांच्या एक्स-रेवरून या दुखण्याचं वर्णन केलं, आणि 'लिटल लीगर्स एल्बो' हे नाव रूढ झालं. ज्या संस्थेने मुलांसाठी मैदान छोटं केलं, तिचंच नाव एका दुखण्याला मिळालं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातले ऑर्थोपेडिक डॉक्टर जोएल ॲडम्स यांनी १६२ मुलांच्या कोपरांचे एक्स-रे तपासले. त्यांत ८० पिचर होते. पिचर मुलांच्या फेकणाऱ्या हातात बदल ठळक दिसले. पुढे १९७० च्या दशकात ह्यूस्टन आणि यूजीन या शहरांत झालेल्या पाहण्यांत एवढे बदल आढळले नाहीत, त्यामुळे वाद चालू राहिला. दरम्यान मुलाने आठवड्याला किती डाव टाकावेत यावर मर्यादा होती. पण डाव हे माप फसवं आहे. एखादा डाव आठ चेंडूंत संपतो, एखादा चाळीस चेंडू चालतो.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरच्या कोपरातला फाटलेला अस्थिबंध दुसरीकडच्या कंडरेचा तुकडा वापरून नव्याने बांधला. तो पुन्हा अनेक वर्षं खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. पुढे हायस्कूलची मुलंही या शस्त्रक्रियेसाठी येऊ लागली. ज्या सर्जनांकडे ती येत होती, त्यांच्यापैकी अलाबामातले डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी धोक्याची घंटा वाजवली. त्यांच्या संस्थेतल्या संशोधकांनी मुलांच्या फेकी मोजून अनेक वर्षं पाठपुरावा केला. हात थकलेला असतानाही नियमितपणे फेकत राहणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट आढळली. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त काळ स्पर्धेत फेकणाऱ्यांत ती पाच पट होती. ४८१ मुलांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, वर्षाला १०० हून अधिक डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत साडेतीन पट जास्त झाली.

वळणारा चेंडू लहानपणी टाकावा की नाही, यावर अजून मतभेद आहेत. फेकींची संख्या आणि विश्रांती यांवर मात्र आज फारसा वाद नाही. लिटल लीगने २००७ पासून डाव सोडून चेंडू मोजायला सुरुवात केली. एका दिवसातली कमाल मर्यादा अशी :

- ७-८ वर्षं : ५० चेंडू
- ९-१० वर्षं : ७५
- ११-१२ वर्षं : ८५
- १३-१६ वर्षं : ९५
- १७-१८ वर्षं : १०५

१४ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवशी ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती सक्तीची. २० पर्यंत टाकले असतील तरच दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकता येतं. ४१ चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर म्हणून उभं करता येत नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकत असतो. नातवाचे "चेंडू संपतात" ते असे.

वय : तारखेची रेषा

हे सगळे नियम वयाला बांधलेले आहेत, त्यामुळे वयोगटांची रचनाही शरीराच्या वाढीप्रमाणे झाली. चार ते सात वर्षांच्या मुलांना पिचरच नसतो. चेंडू एका दांड्यावर ठेवतात आणि मूल तो मारतं. बारा वर्षांपर्यंत ४६ आणि ६० फुटांचं मैदान. पूर्वी तेराव्या वर्षी मूल एकदम मोठ्यांच्या ६० फूट ६ इंचांच्या मैदानावर ढकललं जायचं, नेमकं हाडं झपाट्याने वाढत असताना. म्हणून ११ ते १३ वर्षांसाठी ५० फूट फेक आणि ७० फूट धाव असलेली मधली पायरी तयार झाली, आणि २०१३ पासून ती रीतसर विभाग म्हणून आहे.

पण वयाची तारीख हे शरीराचं कच्चं माप आहे. बारा वर्षांच्या दोन निरोगी मुलांच्या हाडांचं वय दोन वर्षांनी मागे-पुढे असू शकतं. एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसरा त्याच्या खांद्यालाही लागत नाही. त्यात तारखेची रेषा आणखी फरक पाडते. अमेरिकेत वर्षानुवर्षं ही रेषा ३१ जुलैला होती. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल आपल्या गटात सर्वांत मोठं, जुलैमध्ये जन्मलेलं सर्वांत लहान. परिणाम असा की अमेरिकेत जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंत ऑगस्टमध्ये जन्मलेले जास्त आणि जुलैमध्ये जन्मलेले कमी सापडतात. कौशल्य जन्ममहिन्यावर ठरत नाही. लहानपणी दणकट दिसलेल्या मुलाला संधी मिळते, आणि लहान चणीचं मूल कंटाळून खेळ सोडतं. आता ही रेषा ३१ ऑगस्टला आहे. रेषा सरकली, पण रेषेच्या चुकीच्या बाजूला कुणीतरी असणारच.

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या संघाचा डॅनी अल्मोंटे हा 'बारा वर्षांचा' पिचर देशभर गाजला. समोरच्या मुलांना त्याचा चेंडू दिसतही नव्हता. काही दिवसांतच उघड झालं की त्याचा जन्म १९८९ चा नसून १९८७ चा आहे. तो चौदा वर्षांचा होता. संघाचे विजय रद्द झाले. बातम्यांत या प्रकाराकडे फसवणूक म्हणून पाहिलं गेलं. मला त्यात समोर उभी असलेली बारा वर्षांची मुलं दिसतात, ज्यांच्यासाठी ४६ फूट हे अंतर ठरवलं होतं. आपल्याकडे वयाच्या दाखल्यांचा हाच प्रश्न आहे, आणि म्हणूनच बीसीसीआय सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून 'टीडब्ल्यू-३' पद्धतीने हाडांचं वय पाहतं. ग्रोथ प्लेट तिथेही साक्षीला येते.

शरीरशास्त्राचा चुकीचा वापर

मुलांचं शरीर मोजण्याच्या या इतिहासात एक काळी बाजूही आहे. १९५१ पासून लिटल लीगमध्ये मुलींना बंदी होती. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन गावची मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी तीन सामने खेळली, आणि तिला काढून टाकावं लागलं. प्रकरण नागरी हक्क विभागाकडे गेलं. तिथे बंदीच्या बाजूने साक्ष दिली ती हेल्मेट बनवणाऱ्या क्रेटन हेल यांनीच. मुलींची हाडं कमी मजबूत असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. उलट बाजूने मुलांचे ऑर्थोपेडिक तज्ज्ञ डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी साक्ष दिली. सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेस्लर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला, आणि १९७४ मध्ये लिटल लीगचे दरवाजे मुलींना उघडले.

पाळी सुरू होण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या ताकदीत फारसा फरक नसतो. हाडांची परिपक्वता तर मुलींमध्ये साधारण दोन वर्षं आधी येते. ज्या माणसाने मोजमाप करून हजारो मुलांची डोकी वाचवली, त्यानेच दुसऱ्या वेळी समजुतीला विज्ञानाचं नाव दिलं. डॉक्टरने "शरीराला झेपणार नाही" असं म्हटलं की लोक ऐकतात, म्हणून ते म्हणण्याआधी मोजायला हवं.

आपण काय घ्यायचं

या सगळ्यातून पालकांसाठी काही गोष्टी :

- साहित्य मापाचं हवं. मोठ्या भावाचं सैल हेल्मेट चेंडू लागल्यावर फिरतं आणि उपयोगाचं राहत नाही. तडा गेलेलं हेल्मेट टाकून द्या.
- लहान मुलांना मऊ चेंडूने खेळू द्या. टेनिस बॉलचं गल्ली क्रिकेट या दृष्टीने शहाणपणाचंच आहे.
- वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची षटकं मोजा, त्यांत नेटमधली षटकंही धरा. बेसबॉलमध्ये कोपर दुखावतं, वेगवान गोलंदाजीत वाढत्या वयातली कंबर. शाळा, क्लब आणि अकॅडमी अशा तीन ठिकाणी खेळणाऱ्या मुलाचा एकूण हिशोब फक्त घरच्यांकडे असतो.
- वर्षातून काही महिने तोच खेळ पूर्ण थांबवा. त्या काळात पोहणं, फुटबॉल, काहीही चालेल.
- फेकताना कोपराच्या आत किंवा खांद्यात दुखतं असं मूल म्हणालं, तर फेकणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी देऊन सामना खेळवू नका. वेळेवर विश्रांती दिली तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.
- छातीवर चेंडू लागून मूल कोसळलं, हाक मारल्यावर उठत नाही, श्वास नीट चालत नाही, तर पाणी मारत बसू नका. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी, तिसऱ्याने एईडी असेल तर आणावं. सीपीआर शिकायला काही तास पुरतात. मुलांच्या प्रत्येक कोचला तो यायलाच हवा, असा आग्रह पालकांनी धरावा.

नियम करायला अमेरिकेतही वीस-वीस, पन्नास-पन्नास वर्षं लागली. नियम आल्यावरही एक पळवाट उरलीच. एका संघात मुलाचे ८५ चेंडू संपले की संध्याकाळी काही पालक त्याला दुसऱ्या संघातून उतरवतात, आणि तिथला कोच मोजणी नव्याने सुरू करतो. मुलाच्या कोपराला मात्र संघ दोन आहेत हे माहीत नसतं. तेव्हा पुढच्या वेळी नातवाचा फोन आला आणि "मला आज थांबवलं" म्हणून तो रुसला असेल, तर त्याच्या कोचचं कौतुक करा, आणि त्याला विचारा की आज किती चेंडू टाकलेस.